शेजारचे भावजी

खिशात किल्ली असूनही बाबांनी स्वतःच्या घराची बेल वाजवली. "वहिनी, मी शेजारचा," ते हळूच म्हणाले. विस्मरणाच्या आजाराने आईला बाबांच्या दारूच्या दिवसांत नेऊन सोडलं होतं. किल्लीचा आवाज आला की ती न्हाणीघरात लपायची. शेजाऱ्यासाठी मात्र तिने लगेच दार उघडलं, पाणी दिलं. "भावजी, लवकर निघा. हे पिऊन येतील, उगाच तुम्हालाही बोलतील." बाबांनी पेला दोन्ही हातांनी धरला. "त्याने सोडली, वहिनी. कधीचीच सोडली." आई हसली. "तुम्ही नेहमी त्यांचीच बाजू घेता." बाबांची दारू सुटावी, एवढंच मी रोज नेमाने देवाजवळ मागत होते. ती सुटलीही, आईजवळ मात्र उरली. आईने रिकामा पेला घेतला. "खरंच सोडली असेल, तर त्यांना म्हणावं, घरी या. मी जेवायची थांबलेय." "सांगतो," म्हणून बाबांनी पुन्हा चपला घातल्या.