पाचवा ठिपका

"काम चौघंच करता, चाचा. मग लायसन्स पाच कशाला?" निकिताने विचारलं.

करीमभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "गाडीला चाकं चारच असतात. तरी स्टेपनी ठेवतातच ना?"

निकिता हसली नाही. कोथरूडच्या एका कंपनीतर्फे ती सॉफ्टवेअर विकायची आणि असली उत्तरं तिला रोज मिळायची. कसबा पेठेत करीमभाईंचं भरतकामाच्या डिझाइनचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. लायसन्सची मुदत आज संपत होती, उद्यापासून सगळं बंद.

"तीन प्रकार आहेत," ती म्हणाली. "एक मशीनवर. ज्या कॉम्प्युटरवर टाकलं तिथेच चालणार. दुसरं नावावर. माणूस कुठेही बसू दे, आपल्या नावाने उघडायचं. तुमचं सध्या तेच आहे. तिसरं सामाईक. एका वेळी पाच जण उघडणार असतील तर पाच घ्यायची. कोण उघडतंय ते कंपनी बघत नाही, पण महाग पडतं. तुम्ही नावावरचंच घ्या, फक्त चार."

तिने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या नावांवर बोट ठेवलं. ज्याने सॉफ्टवेअर उघडलंय त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा. करीम, शालन, फैझल, मेहजबीन. चौघंही समोरच बसलेले होते. खाली जुनेद. त्याचा ठिपका राखाडी.

"हे कोण?"

"मुलगा. डब्लिनला असतो."

"तिथून काम करतात?"

"नाही. नुसतं बघतो."

शालनने मान आणखी खाली घातली. दुकानात ती सगळ्यात जुनी, ही गोष्ट तिला पाठ होती.

जुनेदचा हात फार गोड. वेली काढाव्यात तर त्यानेच. पण त्याला बाहेर जायचं होतं, आणि तो निघाला त्या दिवशी करीमभाईंचं डोकं फिरलं. जायचं तर जा, म्हणाले, पण पुन्हा या दुकानाकडे बघायचं नाही.

"जन्मात माझं तेवढं एकच ऐकलं त्याने," करीमभाई म्हणाले. "फोन नाही, मेसेज नाही. नंबरसुद्धा बदलला. मग एके दिवशी दुपारी त्याच्या नावापुढे ठिपका लागला. तेव्हापासून लागतो, चहाच्या आधी. बघू नकोस म्हटलं होतं, तरी बघतो."

पोराच्या आठवणीने हा माणूस आतून पार पोखरला होता, आणि ते लपवण्याइतकी ताकद आता त्याच्यात उरली नव्हती. रोज सकाळी ते एक नवी वेल निवडून सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसेल अशा जागी ठेवायचे. जुनेदसाठी. जुनेदने तिला कधी हात लावला नाही.

"मध्ये आठवडाभर लागलाच नाही," ते म्हणाले. "त्यात ही, जुनेदची आई, सोलापूरला, बहिणीकडच्या लग्नाला. घरात मी एकटा. पोरगं आजारी पडलं की काय, जीव थाऱ्यावर नव्हता. ही घरी आली आणि दुसऱ्या दिवशी लागला. हिचा पायगुण, दुसरं काय."

बोलता बोलता ते थांबले. जुनेदच्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला होता. करीमभाई त्याच्याकडे बघत राहिले. निकितानेही बघितलं आणि चार लायसन्सचा मुद्दा तिने मनातल्या मनात सोडून दिला.

थोड्या वेळाने जिन्यावरून रझियाचाची चहा घेऊन आल्या.

"अहो, आला का जुनेद?"

"आला."

"मग आज जेवाल नीट." त्यांनी निकितापुढे कप ठेवला. "त्याची खोली, टेबल, जुना लॅपटॉप, सगळं होतं तसं ठेवलंय. रोज पुसते. यांना म्हणते, येईल तो."

"चाची, तुमच्यासाठी एक चांगली बातमी आहे," निकिता म्हणाली. "या वर्षीपासून नावावरच्या लायसन्सला मोबाइल नंबर जोडावा लागतो. जुनेद उघडायला गेला की आधी त्याला नंबर विचारणार, त्यावर कोड पाठवणार. आणि प्रत्येकाचा नंबर मालकाला दिसणार. म्हणजे चाचांना. ठिपका लागलेलाच आहे, आत्ताच करून टाकते."

रझियाचाचींच्या हातातला कप कलला. चहा बशीत सांडला.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "तो नाही देणार नंबर. उगाच कटकट वाटली तर उघडायचंच बंद करेल."

निकिताने करीमभाईंकडे बघितलं. मुलाचा नंबर हाताशी आलेला बाप आता काय म्हणणार, हे तिला ठाऊक होतं.

"सामाईक दे," करीमभाई म्हणाले.

"चाचा, अहो ते महाग आहे. आणि नंबर..."

"त्यात नाव टाकता येतं ना? ठिपका लागतो?"

"लागतो. हवं ते नाव टाका, कोणी तपासत नाही."

"मग पाच."

रझियाचाचींनी बशीतला चहा पुसला, रिकामा ट्रे उचलला आणि त्या वर गेल्या. जिना चढताना त्यांनी कठड्याला घट्ट धरलं होतं.

सगळं नवीन करून निकिता निघाली तेव्हा करीमभाई तिला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. तिला राहवलं नाही.

"चाचा, माफ करा, पण मला कळलं नाही. इतका जीव तुटतो तुमचा त्याच्यासाठी. तो नंबर देईल न देईल, पण एकदा विचारून बघायचं होतं."

करीमभाईंनी मागे वळून घराच्या वरच्या खिडकीकडे बघितलं. तिथे आता दिवा लागला होता.

"जो नंबर दिसला असता, तो आहे माझ्याकडे, बेटा," ते हळू आवाजात म्हणाले. "रझियाच्या नावाने सेव्ह केलेला."