पिवळी बंद

शेवटचं काज पुरं झालं आणि शिंपीणबाईंनी दोरा दातानं तोडला. महिनाभरात हातानं केलेलं हे चाळिसावं काज. त्यांनी बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कुठे कळ नाही की काही नाही.

"चोर सापडला हो!" त्या ओरडल्या. इस्त्री करत असलेल्या नवऱ्यानं मान वर केली.

चोर म्हणजे पिवळी गोळी. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून रोज एक, सलग पाच वर्षं, आजार परतू नये म्हणून. आजार परतला नाही, पण बोटं लाकडासारखी झाली. सुई धरवेना, गोळीचं पाकीट फोडवेना. आणि आता डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, आणखी पाच वर्षं घेतलीत तर बरं. घ्यावी तर हात जातो, सोडावी तर जीव टांगणीला. इकडे आड, तिकडे विहीर! बाईंनी सतरा जणींना विचारलं, अठरा उत्तरं मिळाली, डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच तोड काढली.

"महिनाभर बंद ठेवून बघू. दुखणं थांबलं तर गोळीचं, नाही थांबलं तर वयाचं. मग ठरवू."

गोळ्या नवऱ्याच्या हाती होत्या. औषधवाला त्या पाकिटातून सोडवून बटणांच्या दोन रिकाम्या बाटल्यांत भरून द्यायचा. एकीत पिवळ्या, दुसरीत ताकदीच्या, पोपटी. रोज सकाळी नवरा दोन्हींतली एकेक त्यांच्या तळहातावर ठेवायचा आणि त्या डोळे घट्ट मिटून गिळायच्या. गोळीचं तोंड बघायची इच्छाच उरली नव्हती. महिन्यापूर्वी त्यांनी बजावलं, "पिवळी बंद!" तेव्हापासून तळहातावर एकच गोळी येत होती.

नवरा कामाला वाघ. दोऱ्याची रिळं तेवढी त्याला कुणी आणू देत नसे. हिरवं सांगितलं की हा तपकिरी घेऊन हजर! "रंगांच्या बाबतीत देवानं यांच्यापाशी हात आखडता घेतला," असं बाई गिऱ्हाइकांना हसत सांगायच्या.

आज डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. उत्तर तयार होतं. पाच वर्षांनी पहिल्यांदा बाईंच्या मनात कसली म्हणून शंका नव्हती.

"उरलेल्या पिवळ्या परतच करून टाकते," म्हणत त्यांनी फळीवरच्या बाटल्या उतरवल्या.

पिवळ्यांची बाटली रिकामी होती. पोपटी काठोकाठ भरलेली.

"अहो, हे काय?"

"काय म्हणजे? तूच म्हणालीस ना, पिवळी बंद." त्यानं भरलेल्या बाटलीवर टिचकी मारली. "केली की! महिनाभर हात लावला नाही हिला."

बाईंनी दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. मग बोटं सुटली कशानं? ताकदीची गोळी थांबली म्हणून? की पिवळी थांबली, या नुसत्या समजुतीनं? आणि आता तिकडे जाऊन सांगायचं तरी काय? काही म्हणता काही कळेना.

"माझं काही चुकलं का गं?" नवऱ्यानं चाचरत विचारलं.

सगळ्यांत बारीक सुई उचलून त्यांनी दोरा पुढे केला. तो पहिल्याच फटक्यात आत गेला.

पिवळी गोळी गिळून जेमतेम तास झाला होता.