फ्रिजवरची फ्लॉपी

माल्मोत माझं जुन्या फ्लॉप्या वाचून देण्याचं दुकान आहे. गुनवोर आजी एक फ्लॉपी लोकरी मोज्यात गुंडाळून घेऊन आल्या.

“माझ्या मालिननं शाळेत म्हटलेलं लुसियाच्या सणाचं गाणं आहे यात. त्याच हिवाळ्यात गेली रे लेक. एकदा आवाज ऐकव तिचा.”

जुना ड्राइव्ह बराच वेळ घरघरला. फ्लॉपी कोरी निघाली.

“आजी, ही ठेवली कुठे होतीत?”

“फ्रिजच्या दारावर, लोहचुंबकाखाली. येता-जाता दिसायला नको?”

चुंबकानं फ्लॉपी पुसली जाते, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. म्हणालो, “माझा ड्राइव्हच बिघडलाय, आजी.”

 

“होईल रे दुरुस्त. तोवर परत चुंबकाखालीच लावते. तिथे सुखरूप राहते ती.”