सत्त्याण्णव टक्के

कॉम्प्युटरवरच्या खेळात गाण्याच्या ठेक्यावर चौकोन उडवायचा. ठेका चुकला की काट्यावर, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. धाकटी खेळायची आणि दादा शेजारच्या खोलीतून भिंतीवर बोटांनी ठेका धरायचा. शेवटच्या उडीला त्याचा ठोका हमखास घाईघाईत पडायचा, त्यामुळे दोघांचं घोडं कायम सत्त्याण्णव टक्क्यांवर अडायचं.

दादाला जाऊन वर्ष झालं. त्याच्या खोलीला कुलूप आहे. भिंतीवरचा ठेका मात्र रोज दुपारी ऐकू येतो.

ती लेव्हल तिने आता झोपेतही पार केली असती. पण शेवटच्या उडीला ती त्या घाईच्या ठोक्याचंच ऐकायची आणि काट्यावर पडायची. म्हणजे ठेका पुन्हा सुरू व्हायचा.

"संपव की गं एकदाचं," आई दारातून म्हणाली. "किती दिवस त्याच काट्यावर जीव देणार आहेस?"

"दादाला जमू दे."

आई दार लोटून निघून गेली.

त्या खेपेला शेवटचा ठोका अगदी वेळेवर पडला. तिचं बोट सवयीने त्याच्या मागे गेलं. पडद्यावर शंभर टक्के झळकले आणि गाणं थांबलं.

तो ठोका भिंतीवर पडला नव्हता. तिच्या खुर्चीच्या पाठीवर पडला होता.