पाहुण्यांची गोलकीपर

इलानं नाचोजचा कागदी ट्रे बाबांच्या मांडीवर ठेवला आणि ती उठली. हातातला फोन तिनं त्यांच्यासमोर धरला. मेसेज एवढाच होता: लगेच खाली ये.

"कुणासाठी?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

"त्यांच्यासाठी, बाबा. समोरच्या टीमसाठी."

खाली आइस हॉकीच्या रिंकमध्ये बर्फावर पाहुण्या संघाची गोलकीपर गुडघा धरून बसली होती. त्यांची दुसरी गोलकीपर सकाळपासून हॉटेलात तापानं पडून होती. अशा वेळेसाठी लीगचा एक नियम होता. प्रत्येक मॅचला गावातलीच एक राखीव गोलकीपर प्रेक्षकांत बसवायची, आणि दोन्हींपैकी ज्या संघावर वेळ येईल त्याच्या बाजूनं तिनं उतरायचं. अमेरिकेतल्या या शॉमबर्ग गावातली ती राखीव म्हणजे इला. चौतीस वर्षांची, आठवडाभर दातांचा दवाखाना चालवणारी.

शॉमबर्गचा बायकांचा आइस हॉकी संघ यंदाच जन्माला आला होता. नवं स्टेडियम, निळ्या नव्याकोऱ्या जर्सी, आणि ओळीनं अकरा पराभव. उन्हाळ्यात निवडचाचणी झाली तेव्हा इला शेवटच्या दिवसापर्यंत टिकली होती. शेवटच्या दिवशी कोचनं तिचं नाव खोडलं आणि राखीव म्हणून बसशील का, असं विचारलं. ती हो म्हणाली आणि नंतर त्याबद्दल कधी बोलली नाही. पुरुषोत्तमरावांनी मात्र ते मनात धरून ठेवलं. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या या माणसानं बारा हिवाळे पहाटे पाचला गाडीवरचा बर्फ खरवडून लेकीला रिंकवर नेलं होतं. आता ते प्रत्येक मॅचला तिच्या शेजारी निळा मफलर गुंडाळून बसत, आणि निळ्यांवर गोल झाला की त्यांना आतून जरासं बरं वाटे. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

इला बर्फावर आली ती पाहुण्यांच्या लाल जर्सीत. पाठीवर नाव नव्हतं. स्कोर दोन-दोन होता आणि सात मिनिटं उरली होती. लोक आधी हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची डेंटिस्ट होती ती.

मग पुरुषोत्तमरावांना सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसू लागलं. बाहेर रविवारची दुपार होती, पण इथे वेळ कुठली ते कळत नव्हतं. दिव्यांखाली बर्फ दुधासारखा पसरला होता. ढोल, भोंगे, कॉमेंटेटरचा आवाज, सगळं लांब गेलं. राहिला फक्त स्केट्सच्या पात्यांचा करकर आवाज. काळी रबरी चकती निघाली आणि हळूच वाट चुकल्यासारखी इलाच्या पायाला लागून बाजूला गेली. दुसरी तिच्या हातमोज्यात येऊन निजली. तिसरी, चौथी, पाचवी. दर वेळी ती आधीच तिथे असे. सहा वर्षांची इला आणि ही इला त्यांना एकाच वेळी दिसत होत्या, आणि दोघी एकाच तऱ्हेनं गुडघे वाकवून उभ्या होत्या.

"तुमची मुलगी ना ती?" शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईंनी विचारलं. डोक्यावर निळी टोपी, अकराही पराभव पाहिलेल्या.

"हो."

"मग आज तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

त्यांनी गळ्यातला निळा मफलर सैल केला.

चाळीस सेकंद उरले असताना निळ्यांची कॅप्टन एकटीच सुटली. ती डावीकडे झुकली. इलाही झुकली. कॅप्टनच्या काठीचा बारीक आवाज झाला आणि इलाच्या मागची जाळी हलली. गोलचा लाल दिवा लागला.

सगळं स्टेडियम एकदम उभं राहिलं. निळ्या टोपीवाल्या बाईंनी त्यांना मिठी मारली आणि नाचोज जमिनीवर सांडले. पुरुषोत्तमराव बसूनच राहिले. इला गुडघ्यांवर होती. मग ती उठली, जाळीतून चकती काढली आणि कॅप्टनच्या हातात दिली. गावाच्या संघाचा पहिला विजय ठरणारी चकती होती ती. त्याच क्षणी त्यांची खात्री पटली. पोरीनं गोल मुद्दाम सोडला. ज्यांनी तिला घेतलं नाही, त्यांच्यासाठी सोडला. त्यांचे डोळे भरून आले. अभिमानानं की चिडून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पार्किंगमध्ये कडेला ढकललेल्या बर्फाच्या ढिगांवर तिरपं ऊन पडलं होतं. इलानं बॅग डिकीत टाकली आणि ती ओल्या केसांनीच शेजारी येऊन बसली. पुरुषोत्तमरावांनी गाडी सुरू केली नाही.

"पाच अडवलेस तू," ते म्हणाले. "त्या कोचला डोळे नाहीत, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. पण एक खरं सांग. शेवटचा तू सोडलास ना? आपल्या गावासाठी?"

इला सीटबेल्ट ओढता ओढता थांबली.

"नाही, बाबा. आय वॉज रेडी. ग्लोव्ह बरोबर जागेवर होता. आजच्यापेक्षा चांगली मी लाइफमध्ये कधी खेळले नाहीये. तरी तो गेला."

ती समोरच्या काचेतून बघत राहिली. उन्हाळ्यापासून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आखडून बसलेलं होतं. ते सुटलेलं त्यांना आत्ता दिसलं, आणि ते तिथे होतं हेही आत्ताच कळलं.

"त्यांनी मला घेतलं नाही ते बरोबरच होतं," ती म्हणाली. "आणि बाबा, काय सुंदर मारला तिनं."