टर्बो गार होईपर्यंत

"नवे ब्रेक पॅड घातलेत, एअर फिल्टरही बदललाय," गॅरेजवाले मुश्ताकभाई माझ्या हातात किल्ली देत म्हणाले. "शिरीषदादांनी स्वतः निवडून ठेवले होते, वहिनी. पिकअप वाढवून देतो म्हटलं, तर म्हणायचे, आधी ती नीट थांबायला तर हवी!"

शिरीष गेला त्याला महिना होत आला होता. त्याची ती लाडकी लाल गाडी विकायची ठरली होती. गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी सर्व्हिसिंग करून घ्यायला मी आले होते.

"आणि घरी पोचल्यावर लगेच बंद करू नका. टर्बो तापलेला असतो. मिनिटभर नुसती चालू ठेवा, मग किल्ली काढा."

ते मला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी गाडी आमच्या खिडकीखाली मिनिटभर घुरघुरत राहायची, आणि तो आवाज ऐकून सासूबाई त्याच्यासाठी चहा टाकायच्या.

आज मीही तशीच गाडीत बसून राहिले. मग जिना चढून वर आले, तर ओट्यावर वाफाळता चहा तयार होता. त्याच्याच कपात, बिनसाखरेचा. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"खाली आवाज आला," त्या हळूच म्हणाल्या. "हात गेलाच गॅसकडे."

मी चहा पीत नाही. तरी कप उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

रिकामा कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "उद्या ऑफिसला गाडीनंच जा."