हिरड्यांपुरतं

"मावशी, हिरड्या ठणठणीत! रक्त नाही, पू नाही, वाससुद्धा गेला," तोंडातला आरसा काढत डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सहा महिने दंत महाविद्यालयाच्या फेऱ्या मारणाऱ्या द्वारकाबाईंना भरून आलं. मग डॉक्टरीणबाईंनी उपचारांआधी भरला होता तोच प्रश्नांचा कागद पुन्हा काढला. हिरड्यांच्या दुखण्याने बिघडलेलं जगणं आता किती सुधारलं, हे त्यांना मोजायचं होतं.

"चावताना त्रास?"

"नाही."

"घरच्यांत वावरताना संकोच वाटतो?"

द्वारकाबाई घुटमळल्या. "वास यायचा तेव्हा सुनेनं माझं ताट वेगळं केलं, कुशीतली नात उचलून नेली. परवा लेकाला म्हटलं, बरी झाले रे, आता दे तिला माझ्याकडे. तर म्हणाला, 'आई, ती तुला ओळखत नाही आता. उगाच रडवू नकोस.'"

डॉक्टरीणबाईंचं पेन अडलं. "मावशी, हा कागद हिरड्यांपुरताच आहे हो. हिरड्यांमुळे आता काही त्रास होतो का, तेवढंच सांगा."

द्वारकाबाईंनी त्या तरण्या पोरीकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "हिरड्यांचा आता काही दोष नाही."

डॉक्टरीणबाईंनी खुणा मोजल्या आणि खुलून म्हणाल्या, "त्रास शून्य! आता यायची गरज नाही, मावशी."

द्वारकाबाईंना खुर्चीतून उठवेना. एवढ्या दिवसांत नाक न मुरडता त्यांच्याजवळ बसलेलं माणूस हे एकच होतं.